दुःखाला इंग्रजी शब्द देताना

सहकाऱ्याची आई गेल्याचे कळते, आपण संगणकासमोर बसतो आणि दोन ओळी लिहायला अर्धा तास जातो. एरवी इंग्रजीतून अहवाल आणि पत्रव्यवहार सराईतपणे करणारा माणूसही इथे अडखळतो, कारण सुट्टीचा अर्ज कसा लिहावा हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते, पण ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्याशी परक्या भाषेत काय बोलावे हे कोणी शिकवलेले नसते. मग मराठीतले ‘दुःखद निधन’ मनात धरून आपण ‘सॅड डिमाइज’ लिहितो, ‘ऐकून वाईट वाटले’ याचे ‘आय फेल्ट बॅड’ करतो, आणि भावना खरी असूनही समोरच्याच्या हाती पडते ती परिपत्रकाची भाषा.

माझ्या हातून हे झाले आहे. एका परदेशी सहकाऱ्याची आई वारली तेव्हा मी त्याला ‘प्लीज ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज ऑफ युवर मदर’ असे लिहिले. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्याच दिवशी आमच्याच गटातील दुसऱ्या एकीने त्याला लिहिले होते, ‘आय ॲम सो सॉरी अबाउट युवर मम. शी वॉज ऑल्वेज सो काइंड टु मी.’ तो कामावर परतल्यावर माझ्याशी ‘थँक यू फॉर युवर मेसेज’ एवढेच बोलला, आणि तिच्याशेजारी बसून मात्र आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बराच वेळ बोलत राहिला. तेव्हापासून इंग्रजीतील शोकाचे शब्द मी एकेक करून तपासत आलो आहे. मोठा शब्द म्हणजे मोठी भावना हा हिशोब इंग्रजीत बहुधा उलटा पडतो, हे त्यातून मला पटत गेले.

शब्दांचे दोन थर

इंग्रजीतील दुःखाचे शब्द दोन थरांतून आले आहेत आणि हे थर ओळखता आले की निवड पुष्कळ सोपी होते. पहिला थर जुन्या इंग्रजीचा आहे. ‘सॅड’, ‘सॉरी’, ‘सॉरो’, ‘वीप’, ‘मोर्न’ हे त्यातले शब्द. दुसरा थर १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंच आणि लॅटिनमधून येऊन बसला. ‘ग्रीफ’, ‘लॅमेन्ट’, ‘कन्डोलन्स’, ‘डिमाइज’ हे त्यातले. आपल्याकडे ‘रडणे’ आणि ‘विलाप’, किंवा ‘वाईट वाटले’ आणि ‘शोकसंवेदना’ यांत जे अंतर आहे, जवळजवळ तेच अंतर या दोन थरांत आहे. मैत्रिणीला मिठी मारताना कोणी ‘मी शोकसंवेदना व्यक्त करते’ असे म्हणत नाही. तसेच इंग्रजीतही समोरासमोर बोलताना जुने, लहान शब्द येतात आणि संस्थेच्या पत्रात, सभेच्या ठरावात लॅटिन शब्द येतात. याला ठळक अपवाद ‘ग्रीफ’चा आहे, कारण तो फ्रेंचमधून येऊनही इतका मुरला आहे की घरातल्या बोलण्यातही खटकत नाही.

‘सॅड’चा जुना अर्थ ‘पोट भरलेला, तृप्त’ असा होता. जर्मनमधील त्याचा भाऊबंद शब्द आजही पोट भरल्याच्याच अर्थाने वापरला जातो. इंग्रजीत मात्र तृप्तीवरून ‘पुरे झालेला, थकलेला’, तिथून ‘जड, गंभीर’ आणि शेवटी ‘दुःखी’ असा त्याचा प्रवास झाला. ‘ग्रीफ’ हा लॅटिनमधील ‘जड’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. गुरुत्वाकर्षणासाठीचा ‘ग्रॅव्हिटी’ हा शब्दही त्याच मुळाचा. आपण ‘जड अंतःकरणाने’ म्हणतो त्यातले ओझे या शब्दात मुळातच आहे, म्हणून ‘ग्रीफ’चा अर्थ पाठ करण्यापेक्षा ‘छातीवरचे ओझे’ असा तो मनात ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘सॉरी’ची आहे. ‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ दिसायला बहिणी वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. ‘सॉरो’ हा चिंता आणि क्लेश यांच्या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला, तर ‘सॉरी’ हा ‘सोअर’ म्हणजे दुखरा, ठणकणारा या शब्दाच्या घराण्यातला आहे. ‘आय ॲम सॉरी’ याचा मूळ भाव ‘मला दुखते आहे’ असा आहे आणि क्षमा मागण्याचा अर्थ त्यातूनच पुढे आला. त्यामुळे ‘माझी काही चूक नसताना सॉरी कशासाठी म्हणायचे?’ हा संकोच आपण कायमचा सोडून द्यावा. मृत्यूची बातमी ऐकल्यावर इंग्रजी बोलणारा माणूस पहिल्यांदा ‘आय ॲम सो सॉरी’ असेच म्हणतो, आणि अनेकदा तेवढेच पुरेसे असते. आपल्यालाच कोणी हे म्हटले तर ‘इट्स नॉट युवर फॉल्ट’ असे उत्तर देऊ नये. ‘थँक यू’ म्हणावे.

कोणता शब्द कुठे

‘सॅड’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे. खेळणे हरवलेल्या मुलापासून निवृत्त होणाऱ्या शिक्षकापर्यंत सर्वांना तो चालतो, आणि नेमका म्हणूनच ज्याचे माणूस गेले आहे त्याला ‘यू मस्ट बी सॅड’ म्हटले तर ते अपुरे वाटते. ‘ग्रीफ’ म्हणजे काहीतरी गमावल्यावर येणारे तीव्र दुःख. त्याच्यामागे जवळजवळ नेहमीच एखादी हानी असते. ‘सॉरो’ त्याहून संथ आणि दीर्घ आहे, वर्षानुवर्षे तळाशी राहणारे दुःख त्याने सांगता येते, पण बोलण्यात तो थोडा पुस्तकी वाटतो. ‘आय ॲम फीलिंग सॉरो’ असे कोणी म्हणत नाही. ‘आय ॲम हार्टब्रोकन’ किंवा अगदी साधे ‘आय ॲम नॉट ओके’ म्हणतात. ‘मोर्निंग’ हा शोक पाळण्याचा, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या वागण्याचा आणि त्या काळाचा शब्द आहे. ग्रीफ आत असते आणि मोर्निंग बाहेर दिसते, एवढा फरक लक्षात ठेवला तरी बहुतेक वाक्ये बरोबर येतील.

‘बिरीव्हमेन्ट’ हा औपचारिक शब्द आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूमुळे आलेली अवस्था त्याने सांगितली जाते आणि कार्यालयात अशा वेळी मिळणाऱ्या रजेला ‘बिरीव्हमेन्ट लीव्ह’ म्हणतात. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील लुटण्याच्या क्रियापदात आहे. ‘बिरीव्ह्ड’ म्हणजे ज्याच्याकडून हिरावून घेतले गेले आहे तो. हे कळल्यापासून मला तो शब्द कोरडा वाटेनासा झाला आहे. ‘बिरेफ्ट’ त्याच क्रियापदाचे दुसरे रूप आहे, पण तो मृत्यूपुरता मर्यादित नाही. ‘बिरेफ्ट ऑफ होप’ म्हणजे आशा हरपलेला. पतीच्या मृत्यूनंतरच्या पत्नीला ‘विडो’, आईवडील नसलेल्या मुलाला ‘ऑर्फन’ असे शब्द इंग्रजीत आहेत. मूल गमावलेल्या आईवडिलांसाठी मात्र तिथेही रुळलेला एक शब्द नाही, आपल्याकडेही नाही. अशा वेळी शब्द शोधत बसू नये आणि जे झाले ते पूर्ण वाक्यात, मुलाचे नाव घेऊन म्हणावे.

‘मिस’ हे क्रियापद इथे फार उपयोगी आहे आणि मराठी माणसाची हमखास चूक त्याच्या आसपास होते. ‘मला आईची खूप आठवण येते’ याचे आपण ‘आय रिमेम्बर माय मदर अ लॉट’ असे करतो. ‘रिमेम्बर’चा अर्थ स्मरणात असणे एवढाच आहे, म्हणून त्या वाक्यातून ‘आई माझ्या चांगली लक्षात आहे’ असे काहीसे ध्वनित होते. आठवणीतली हुरहूर, घरातली रिकामी झालेली जागा, हे सारे ‘आय मिस हर’ या तीन शब्दांत येते. सांत्वनाच्या पत्रातही ‘वी विल ऑल मिस हर’ हे वाक्य खरे असेल तर जरूर लिहावे.

रडण्याच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे, त्यामुळे जुळणी करणे कठीण जात नाही. ‘क्राय’ म्हणजे रडणे. ‘वीप’ म्हणजे अश्रू ढाळणे, आवाज असेलच असे नाही, आणि तो लेखनात अधिक येतो. ‘सॉब’ म्हणजे हुंदके देणे. ‘वेल’ म्हणजे आक्रोश, टाहो. ‘व्हिम्पर’ म्हणजे बारीक आवाजात मुसमुसणे. धीराने उभा असलेला माणूस एकदम कोसळून रडू लागला तर ‘ही ब्रोक डाउन’, बोलता बोलता कंठ दाटून आला तर ‘ही चोक्ड अप’. काही केल्या शांत न होणाऱ्यासाठी ‘इनकन्सोलेबल’ हा नेमका शब्द आहे.

आता जपून वापरायचे शब्द. ‘पिटी’चा कोशातील अर्थ दया किंवा कणव असा असला तरी ‘आय पिटी यू’ हे वाक्य आज अपमानासारखे लागते, आणि ‘व्हॉट अ पिटी’ ही गाडी चुकल्यावर किंवा सहल रद्द झाल्यावर म्हणायची गोष्ट आहे. मृत्यूच्या बातमीवर ती फार हलकी ठरते. ‘पथेटिक’ याचा उगम करुणेत आहे, तरी आजच्या बोलीत त्याचा अर्थ ‘केविलवाणा, तुच्छ’ असा झाला आहे, म्हणून कोणाच्या दुःखाला तो कधीही लावू नये. ‘डिप्रेस्ड’ हा शब्द एका आजाराचेही नाव असल्यामुळे दोन दिवसांच्या खिन्नतेला ‘लो’ किंवा ‘डाउन’ म्हणणे अधिक बरे. ब्रिटिश बोलीत ‘शॅटर्ड’ बहुधा ‘दमून गळून गेलेला’ या अर्थाने ऐकू येतो आणि ‘गटेड’ हा हरलेल्या सामन्यानंतरचा शब्द आहे; कोसळून गेल्याचे सांगायचे असेल तर ‘डेव्हस्टेटेड’ कुठेही चालतो. ‘ग्रीफ’चे काही वाक्प्रचार तर शोकाशी संबंधच ठेवत नाहीत: ‘गुड ग्रीफ!’ म्हणजे ‘अरे देवा!’, ‘कम टु ग्रीफ’ म्हणजे फसणे किंवा अपघात होणे, आणि ‘गिव्ह समवन ग्रीफ’ म्हणजे एखाद्याला टोचून बोलणे, त्रास देणे.

मृत्यू हा शब्द उच्चारताना

मराठीत आपण ‘मेला’ हा शब्द माणसासाठी टाळतो. ‘गेले’, ‘वारले’, ‘निवर्तले’ म्हणतो. ही सवय इंग्रजीत नेल्यामुळे ‘डाय’ हे क्रियापद आपल्याला उद्धट वाटते आणि त्याच्या जागी आपण ‘एक्स्पायर्ड’ घालतो. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्या कानाला ‘एक्स्पायर’ हे पारपत्राची किंवा औषधाची मुदत संपण्यासाठीचे क्रियापद लागते; वैद्यकीय नोंदीत ते माणसाबद्दल आढळते, घरच्या बोलण्यात नाही. ‘माय फादर डाइड लास्ट यिअर’ हे वाक्य इंग्रजीत पूर्णपणे सभ्य आहे. अधिक सौम्यपणा हवा असेल तर ‘पास्ड अवे’ आहे. ‘वी लॉस्ट माय फादर लास्ट यिअर’ हेही चालते, पण ते घरच्या माणसाने म्हणायचे वाक्य आहे, पाहुण्याने नव्हे. ‘ही इज नो मोअर’ आणि ‘ही लेफ्ट फॉर हिज हेवनली अबोड’ ही वाक्ये आपल्याकडच्या इंग्रजीत रुळली आहेत, पण बाहेरच्या वाचकाला ती जुनाट वाटतात, आणि दुसरे तर कधीकधी कळतही नाही. ‘डिमाइज’ हा मुळात मालमत्तेच्या हस्तांतरणाशी संबंधित कायद्याचा शब्द आहे. आज तो एखादी कंपनी किंवा साम्राज्य संपुष्टात आल्याबद्दल सहज वापरला जातो, म्हणून शेजाऱ्याच्या वडिलांसाठी तो थंड वाटतो.

व्याकरणाची एक अडचण इथेच सोडवू या. ‘ते वारले आहेत’ या वाक्यावरून ‘ही इज डाइड’ असे वाक्य तयार होते आणि ते चूक आहे. ‘डाइड’ हे क्रियापद आहे, ‘डेड’ हे विशेषण आणि ‘डेथ’ हे नाम. केव्हा वारले ते सांगायचे असेल तर ‘ही डाइड इन मार्च’. नुकतीच बातमी द्यायची असेल तर ‘ही हॅज डाइड’. केवळ स्थिती सांगायची असेल तर ‘ही इज डेड’, पण हे शेवटचे वाक्य फार उघडेवाघडे आहे आणि शोकातील माणसासमोर टाळलेले बरे. आजाराने मृत्यू झाला तर ‘डाइड ऑफ’, अपघातात झाला तर ‘डाइड इन’. दिवंगत व्यक्तीच्या उल्लेखात ‘लेट’ हा शब्द मालकीदर्शक शब्दानंतर येतो: ‘माय लेट फादर’. ‘लेट माय फादर’ असे होत नाही. ‘लास्ट राइट्स’ हा शब्दप्रयोगही सांभाळून वापरावा, कारण मूळ ख्रिस्ती अर्थाने तो मृत्यूपूर्वी, मरणासन्न माणसासाठी करायच्या विधींबद्दल आहे. अंत्यसंस्कारासाठी ‘फ्यूनरल’ हा शब्द निःसंदिग्ध आहे.

उच्चारांविषयी थोडेच सांगतो. ‘कन्डोलन्सेस’मध्ये जोर ‘डो’वर येतो. ‘मोर्निंग’ म्हणजे शोक आणि ‘मॉर्निंग’ म्हणजे सकाळ हे दोन शब्द बहुतेकांच्या तोंडी अगदी सारखेच ऐकू येतात, त्यामुळे संदर्भ स्पष्ट ठेवावा. ‘ग्रीव्हस’ हा शब्द अनेक जण ‘ग्रीव्हियस’ असा उच्चारतात, तो ‘इ’ तिथे नाही. पुरणे या अर्थाच्या क्रियापदाचा उच्चार ‘बरी’ नसून ‘बेरी’ असा होतो.

एक निरोप दुरुस्त करून पाहू

नियम वाचून जेवढे कळते त्याहून अधिक एखादा मजकूर हाती घेऊन दुरुस्त केल्याने कळते. समजा, कार्यालयातील एका वरिष्ठांचे वडील वारले आहेत आणि आपण असे लिहिले आहे:

‘डिअर सर, वी आर डीपली शॉक्ड टु नो अबाउट द सॅड डिमाइज ऑफ युवर फादर, हू लेफ्ट फॉर हिज हेवनली अबोड ऑन मंडे. मे हिज सोल रेस्ट इन पीस. मे गॉड गिव्ह यू स्ट्रेंग्थ टु बेअर धिस इररेपरेबल लॉस.’

पहिला शब्द ‘शॉक्ड’. वडील वर्षभर अंथरुणाला खिळून होते हे सर्वांना ठाऊक असेल तर धक्का बसल्याचे लिहिणे खरे नाही, आणि शोकातल्या माणसाला खोटेपणा चटकन जाणवतो. धक्का खरोखर बसला असेल, तरच तो शब्द ठेवावा. ‘सॅड डिमाइज’मधील ‘सॅड’ काहीच सांगत नाही, कारण आनंददायक निधन कोणाचे नसते. ‘टु नो अबाउट’ हा ‘समजल्यावर’चा शब्दशः अवतार आहे, बातमी कळल्यावर इंग्रजीत ‘टु हिअर’ म्हणतात. आत्म्याला शांती आणि देवाने बळ देणे ही वाक्ये समोरच्याची श्रद्धा माहीत असेल तरच लिहावीत. जो परलोक मानत नाही त्याला ती परकी वाटतात. ‘रेस्ट इन पीस’चे तीन अक्षरी संक्षिप्त रूप तर पाठवूच नये, मृतासाठी तीन अक्षरांपेक्षा अधिक वेळ आपल्याकडे नव्हता असे त्यातून दिसते. ‘इररेपरेबल लॉस’ हे इतके घासले गेले आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, या संपूर्ण मजकुरात गेलेला माणूस कुठेच नाही. हा निरोप कोणाच्याही वडिलांसाठी चालला असता.

आता हे पाहा:

‘डिअर सर, आय वॉज सो सॉरी टु हिअर दॅट युवर फादर हॅड डाइड. आय मेट हिम ओन्ली वन्स, बट आय रिमेम्बर हाऊ पेशन्टली ही शोड मी हिज रोझेस. आय ॲम थिंकिंग ऑफ यू अँड युवर मदर. प्लीज डोन्ट वरी अबाउट धिस मन्थ्स रिपोर्ट. आय विल फिनिश इट. देअर इज नो नीड टु रिप्लाय.’

यात कठीण शब्द एकही नाही. गेलेल्या माणसाची एक आठवण आहे, गुलाबाची झाडे दाखवणारे त्यांचे हात त्यातून दिसतात. मागे राहिलेल्या आईची दखल आहे. एक ठोस मदत आहे, आणि उत्तराची अपेक्षा नाही. आपण ‘लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग’ असे सहज लिहितो, पण त्यामुळे काय हवे ते ठरवण्याचे आणि मागण्याचे काम आपण दुःखी माणसावरच टाकतो. ‘आय विल फिनिश इट’ असे नेमके एकच काम सांगितले तर त्याला ते फक्त स्वीकारायचे उरते. गेलेल्या व्यक्तीला आपण कधी भेटलो नसू तर आठवण रचू नये. ‘आय नेव्हर मेट हिम, बट आय नो हाऊ मच ही मेन्ट टु यू’ हे प्रामाणिक वाक्य आहे.

‘कन्डोलन्सेस’ हा शब्द वर्ज्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. फारशी ओळख नसलेल्या माणसाला, संस्थेच्या वतीने, किंवा कुटुंबाला उद्देशून लिहिताना त्याची जागा आहे. त्याचा मूळ अर्थ ‘सोबत दुःख सोसणे’ असा आहे आणि तो सुंदरच आहे. निरोपात तो अनेकवचनी येतो, ‘माय कन्डोलन्सेस’. व्यक्तीला ‘टु’ आणि मृत्यूला ‘ऑन’ लागते. त्याचे क्रियापद करून ‘वी कन्डोल हिज डेथ’ असे लिहिण्याची आपली सवय चूक आहे. तिथे ‘मोर्न’ हवे. ‘सिंपथी’ही अशाच पत्रात चालते. ‘एम्पथी’ हा शब्द १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन शब्दासाठी इंग्रजीत घडवला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याच्या क्षमतेचे ते नाव आहे. ती क्षमता जवळ असावी, निरोपात लिहून पाठवायची ती गोष्ट नव्हे.

साध्या शब्दांची ताकद किती असते, याचा एक दाखला मला नेहमी आठवतो. १८६२ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना, अब्राहम लिंकन यांनी युद्धात वडील गमावलेल्या एका मुलीला पत्र लिहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा स्वतःचा अकरा वर्षांचा मुलगा वारला होता. त्या पत्रात ‘सॉरो’ आहे, ‘सॅड’ आहे, ‘मिझरेबल’ आहे. डोळे दिपवणारा शब्द एकही नाही. आपल्याला कधी बरे वाटेल यावर तुझा आत्ता विश्वास बसणार नाही, पण तू पुन्हा आनंदी होशील, आणि मी हे अनुभवाने सांगतो आहे, असे त्यांनी तिला लिहिले. असे आश्वासन देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःच्या दुःखातून मिळवलेला होता. तो नसताना तेच वाक्य उसने वाटले असते.

म्हणूनच काही तयार वाक्यांपासून दूर राहावे. ‘आय नो एक्झॅक्टली हाऊ यू फील’ म्हणू नये, कारण ते कोणालाच माहीत नसते. ‘ॲट लीस्ट’ने सुरू होणारे कोणतेही वाक्य, म्हणजे निदान ते सुटले, निदान त्यांना त्रास झाला नाही, हे घरच्यांनी म्हणायचे असते, बाहेरच्याने म्हटले की दुःखाला तोलून कमी केल्यासारखे होते. ‘बी स्ट्राँग’ आणि ‘डोन्ट क्राय’ हे मराठीतल्या ‘धीर धर’, ‘रडू नकोस’ यांचे अनुवाद आहेत, पण मराठीत जी माया स्वरातून उतरते ती या इंग्रजी शब्दांत येत नाही आणि उरतो तो फक्त हुकूम. काहीच सुचत नसेल तर तेच सांगावे: ‘आय डोन्ट नो व्हॉट टु से. आय ॲम जस्ट सो सॉरी.’

दुःख आपलेच असेल तेव्हा

इतरांचे सांत्वन करण्याचे शब्द थोडेफार शिकता येतात, पण स्वतःचे दुःख परक्या भाषेत सांगण्याची वेळ आली की शिकलेलेही विसरते. त्यासाठी दोनचार वाक्ये आधीपासून तोंडात बसलेली असावीत. बातमी सांगताना ‘माय मदर डाइड ऑन संडे. आय विल बी अवे धिस वीक’ एवढे पुरे. बोलण्याची इच्छा नसेल तर ‘आय वुड रादर नॉट टॉक अबाउट इट जस्ट यट’ हे नम्र आणि स्पष्ट आहे. ‘हाऊ आर यू होल्डिंग अप?’ असे कोणी विचारले तर त्याचा अर्थ ‘कसे निभावते आहे?’ असा असतो; त्यावर ‘फाइन’ म्हणण्याचे बंधन नाही, ‘सम डेज आर हार्डर दॅन अदर्स’ असे खरे सांगितलेले चालते.

आतल्या अवस्थेसाठी इंग्रजीत काही फार अचूक विशेषणे आहेत. ‘नम’ म्हणजे बधिर, काहीच न जाणवणारा. पहिल्या दिवसांत डोळ्यांत पाणीही येत नाही तेव्हाचा हा शब्द. ‘रॉ’ म्हणजे ओल्या जखमेसारखे, हात लागला तरी दुखणारे. ‘हॉलो’ म्हणजे आतून पोकळ. आणि एकदम काहीतरी आठवून सारे नव्याने उसळते, पुन्हा ओसरते, त्यासाठी ‘इट कम्स इन वेव्हज’ असे म्हणतात.

समुपदेशकाशी बोलताना आणखी काही नावे कानावर येतील. मृत्यू समोर दिसत असताना आधीच सुरू होणाऱ्या शोकाला ‘अँटिसिपेटरी ग्रीफ’ म्हणतात. एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये त्याचे वर्णन केले. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख मानतच नाहीत, उदाहरणार्थ घटस्फोटित जोडीदाराच्या किंवा पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे, त्याला केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात ‘डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ’ असे नाव दिले. नाव उच्चारायला अवघड आहे, पण ज्याच्या वाट्याला ते आले आहे त्याला आपल्या अवस्थेला नाव आहे हे कळण्यानेच आधार मिळतो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या ‘डिनायल’, ‘अँगर’, ‘बार्गेनिंग’, ‘डिप्रेशन’ आणि ‘ॲक्सेप्टन्स’ या पाच अवस्था सर्वांच्या तोंडी असतात. त्या मुळात मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांविषयी होत्या, म्हणून मागे राहिलेल्यांनी त्यांच्या क्रमाने दुःख करावे अशी अपेक्षा धरू नये, आणि कोणालाही ‘यू आर इन डिनायल’ असे सुनावू नये. शोक वर्षाहून अधिक काळ तेवढाच तीव्र राहून रोजचे जगणे अशक्य करत असेल तर अमेरिकेतील मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत २०२२ पासून ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’ हे निदान समाविष्ट आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे हा शब्द घेऊन जाण्यात संकोच बाळगू नये.

एक गोष्ट राहिली. पहिल्या आठवड्यात निरोपांचा पूर येतो आणि मग सारे थांबते, घर मात्र तेव्हाच खरे रिकामे होते. तीन महिन्यांनी, किंवा गेलेल्या माणसाच्या वाढदिवशी, पुन्हा दोन ओळी लिहाव्यात. तिथे ‘कन्डोलन्सेस’ नको, ‘सॉरी’ही नको. ‘आय हॅव बीन थिंकिंग अबाउट यू अँड युवर मदर धिस वीक’ एवढे लिहून त्यांचे नाव घ्यावे, आठवत असेल ते एखादे वाक्यात सांगावे आणि थांबावे. उत्तर आले नाही तर निरोप मिळाला का असे विचारणारा दुसरा निरोप पाठवू नये.